नाड्यात वळेल असा ट्रॅक्टर

आमच्या वावराला गावात नाडा म्हणतात. हे नाव पानठेल्यावर ठेवलं गेलं आणि ते आधी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून निघालं, असा माझा पक्का संशय आहे. त्याचं वावर माझ्या वावराला लागून आहे, तेवढंच लांब आणि तेवढंच अरुंद. पण त्याच्या वावराला कुणी नाडा म्हणत नाही. यावरून काय ते समजा.

एवढं अरुंद वावर का, ते सांगतो. आमच्याकडे वाटणी मातीवरून होते. वरच्या अंगाला बरड, जिथं खडे जास्त आणि माती कमी. खाली नाल्याच्या अंगाला काळी. एकाला सगळी काळी दिली तर दुसरा जन्मभर शिव्या देईल, म्हणून वरून खालपर्यंत उभा काप मारायचा. आजोबांनी मारला, मग बाबांनी मारला. प्रत्येक पोराला बरडही मिळाली आणि काळीही मिळाली. न्याय अगदी तोलून झाला, फक्त नांगर फिरवायला जागा राहिली नाही. आणि शिव्याही काही टळल्या नाहीत.

कारण वाटणीनंतर दादाचं म्हणणं पडलं की मी मधला धुरा, म्हणजे बांध, हातभर त्याच्याकडे सरकवला. माझं म्हणणं, त्यानेच तो माझ्याकडे सरकवला. धुरा बिचारा मातीचा, तो काही बोलत नाही. तेव्हापासून आम्हीही बोलत नाही. घर एकच आहे, मधे एक भिंत घातली आहे, आणि ती इतकी पातळ आहे की दादा पलीकडे ढेकर देतो तर इकडे माझी बायको विचारते, आज त्यांच्याकडे वांग्याची भाजी वाटते. निरोप असला तर तो वहिनीमार्फत येतो आणि माझ्या बायकोमार्फत जातो. दोघी आमच्यापेक्षा शहाण्या. त्या निरोपातला मसाला काढून घेतात आणि वरण तेवढं पोचवतात.

बैल होते तोवर हे भांडण परवडत होतं. वावराला नाल्याकडे उतार आहे. उभं नांगरलं की पाण्यासोबत माती नाल्यात. म्हणून आडवं नांगरायचं. आडवं म्हणजे या धुऱ्यापासून त्या चरापर्यंत. एका बाजूला दादाचा धुरा, दुसऱ्या बाजूला जंगलखात्याने खोदलेला चर. या दोन शेजाऱ्यांत चर स्वभावाने बरा. बैलजोडी जागच्या जागी फिरायची. धुऱ्याला नाक लावायची आणि परतायची, दादाच्या मातीला खूर लागायचा नाही. मग एक बैल म्हातारा होऊन गेला, दुसरा एकटा उरला, तो विकला, आणि भाड्याच्या ट्रॅक्टरचे दिवस आले.

भाड्याचा ट्रॅक्टरवाला माझ्या वावरात एकदाच यायचा. नांगर उचलून वळायला त्याला जागा लागायची आणि ती जागा दादाची निघायची. चाक धुऱ्यावर चढलं की पलीकडून आवाज.

"ए, उतरव ते चाक. बापाचा रस्ता हाये काय?"

"भाऊ, वळून राह्यलो फक्त."

"तिकडंच वळ. त्याच्या डोक्यावर वळ."

ट्रॅक्टरवाला माझ्या डोक्याकडे पाहायचा, वळण्यापुरती जागा तिथंही दिसायची नाही, आणि पुढच्या वर्षी माझा फोन उचलायचा नाही. असे तालुक्यातले बरेच ट्रॅक्टरवाले मी संपवले.

तेव्हा मी ठरवलं की स्वतःचा घ्यायचा, आणि असा घ्यायचा की जो माझ्या नाड्यात वळेल. दादाच्या मातीला चाक लागणार नाही, दादाला कधी म्हणून काही मागावं लागणार नाही. मला शेती नीट करायची होती हे खरं. पण त्याहून जास्त, मला दादाला न विचारता शेती करायची होती. जाहीर प्रतिज्ञाच केली होती मी, पानठेल्यावर, चार माणसांत. "मरन, पन त्याले इचारनार नाई." दादाने ते ऐकून निरोप पाठवला. वहिनीने तो बायकोला सांगितला आणि बायकोने मसाल्यासकट मला दिला. "त्याले म्हना, आधी मर, मंग ट्रॅक्टर घेजो. उलटं करू नोको."

आता एक गोष्ट सांगायला हवी. मी पांढरकवड्याला एका कृषी केंद्राच्या काउंटरवर बसतो. दिवसभर शेतकऱ्यांना सल्ला देतो. कोणती फवारणी, कोणतं बियाणं, किती अंतर. माझा सल्ला ऐकून माणसं सुखी झालेली मी पाहिली नाहीत, पण ती परत येतात. तर मी ट्रॅक्टर घेणार म्हटल्यावर ती सगळी माणसं उधारी फेडल्यासारखी सल्ला द्यायला आली.

एक म्हणाला, "पंचेचाळीस एचपीचा घे. ट्रॉली ओढन, थ्रेशर चालवन, लग्नात वरात ओढन."

"माझं वावर पाच एकर आहे."

"मंग काय झालं? आपलं तोंड पाहून घोडा घेते काय कोणी?"

दुसरा म्हणाला, "वीसच्या खाली घेशीन तं लोक हासन. ते खेळणं हाये. पोळ्यात लाकडी बैल आनते पोरं, तसं."

तिसऱ्याने मला विचारलं, "तुले चालवता येते काय?" हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. मी म्हटलं, शिकेन. तो म्हणाला, "मंग कोनताई घे."

घरी बायको. ती भाजी निवडत होती. मी तिला एचपी म्हणजे काय ते समजावलं, चांगलं सविस्तर. ती म्हणाली, "म्हनजे तुमच्यात किती?" पलीकडून भिंतीतून खसखस ऐकू आली. दादा ऐकत होता. त्या हसण्याने माझ्यात जे काही एचपी होते ते सगळे जागे झाले, आणि दुसऱ्या दिवशी मी शोरूमला गेलो.

शोरूम हायवेला लागून. पुढे मोठं अंगण, त्यात ट्रॅक्टर ओळीने उभे, लाल, निळे, हिरवे, प्रत्येकाच्या बॉनेटवर झेंडूचा हार. पाडवा जवळ आला होता. विक्रीवाला पोरगेलासा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मला काका म्हणाला. मी त्याला तिथंच एक गुण कमी दिला.

"किती एकर, काका?"

"पाच."

"मग पस्तीसचा घ्या. डोळे झाकून घ्या."

"तो वळतो किती?"

त्याला हा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्याने मायलेज सांगितलं, वजन सांगितलं, हायड्रॉलिक किती किलो उचलतं ते सांगितलं. मी पिशवीतून दोरी काढली आणि त्याच्या अंगणात आडवी टाकली.

"हा धुरा समजा," मी म्हणालो. "नांगर जोडा, दोरीकडे या, आणि दोरीला चाक न लागू देता वळून दाखवा. मला फक्त एवढंच पाहायचं आहे की नांगर दोरीच्या किती आधी उचलावा लागतो."

तो मालकाकडे पाहू लागला. मालक चहा पीत होता, त्याने मान हलवली. गिऱ्हाईक वेडं असलं तरी गिऱ्हाईक. पस्तीसचा आला, नांगर लावलेला, दोरीच्या बराच आधी नांगर उचलून वळला, तरी पुढचं चाक दोरीपलीकडे गेलं आणि तिथल्या तुळशीच्या कुंडीला जाऊन टेकलं.

"थोडंसंच गेलं, काका. तिकडं तर कुंडीच आहे."

"ती कुंडी माझा भाऊ आहे," मी म्हणालो.

मालकाच्या नाकातून चहा आला. विक्रीवाला मात्र गंभीर झाला. मला वाटतं त्याच्याही घरी अशी एखादी कुंडी असावी. त्याने निमूटपणे छोटा काढला, वीसच्या आतला. तो दोरीपाशी आला आणि मांजर जसं ताटाजवळून वळतं तसा वळला. दोरी हलली नाही, कुंडी हलली नाही. नांगराविना राहणारी पट्टी मोठ्याच्या निम्मी भरली.

मी तोच घेतला. मातीचं काय, हे मी विचारलं नाही. मातीचं मला कुणी विचारलंही नाही. काउंटरवर बसून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारतो, माती कोणती. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे माती नव्हती, कुंडी होती.

ट्रॅक्टर गावात आला तेव्हा बायकोने त्याला ओवाळलं, नारळ फोडला. दादा ओट्यावर बसून दात कोरत होता. त्याने वहिनीला सांगितलं, म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगितलं, "अंदर घ्या म्हना त्याले. पाऊस आला तं भिजन. नाई तं खिशात ठेवा म्हना."

मी आठवडाभर गावाबाहेरच्या मैदानावर शिकलो. बरड नांगरायला घेतली. आणि काय सांगू, तो चालला. अगदी छान चालला. धुऱ्याशी जायचा, नांगर उचलायचा, वळायचा. दादा पलीकडे तुराट्या गोळा करत होता. नजर तुराट्यांवर, कान माझ्या इंजिनवर. मी मुद्दाम चाक धुऱ्याच्या इतकं जवळून नेत होतो की त्याला ओरडावंसं वाटावं पण ओरडता येऊ नये. वाटणीनंतरचे माझे सर्वांत सुखाचे दोन दिवस ते.

तिसऱ्या दिवशी काळी लागली.

आमची काळी उन्हाळ्यात तापून फुटते. भेगेत हात जातो. आणि त्या भेगांच्या खाली कुंदा असतो. कुंदा म्हणजे गवत, पण गवत म्हणून त्याची ओळख करून देणं म्हणजे वाघाला जनावर म्हणण्यासारखं. त्याच्या मुळ्या खोल जाळं विणतात. वरून कापला तर हसतो. खोल नांगरून उलटा पाडला आणि वैशाखाच्या उन्हात मुळी वाळवली, तरच मरतो. भाड्याचे ट्रॅक्टर येईनासे झाल्यापासून माझ्या काळीत कुंदा राज्य करत होता.

माझ्या ट्रॅक्टरने नांगर काळीत घातला आणि पुढची दोन्ही चाकं उचलली. नमस्कार करायला हात वर केल्यासारखी. मी खाली उतरलो, नांगर वर घेतला, पुन्हा घातला. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, धूळ झाली. नांगर तेवढा जमिनीला खाजवून बाहेर आला.

पुढे वजन हवं होतं. दगड ठेवायला जागा नव्हती. बायको शिदोरी घेऊन आली होती. मी तिला म्हणालो, जरा समोर बसतेस का.

"कायले?"

"वजन पडेल."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मी काय खताचं पोतं हाये काय?" आणि शिदोरी धुऱ्यावर ठेवून घरी निघून गेली. पलीकडे दादा तुराट्यांत तोंड घालून खोकू लागला. तो खोकला नव्हता.

संध्याकाळी निरोप आला. आणि या निरोपात मसाला नव्हता. वहिनी स्वतः आमच्याकडे आली आणि मला म्हणाली, "भाऊजी, ते म्हनते, कुंदा तुमचा हाये, पन मुळ्या धुरा पाहत नाई. धुऱ्याखालून आमच्यात येऊन राह्यला. कपाशीची पराटी पिवळी पडली मांगच्या साली त्या कडेनं. खेळण्यानं निंगत नसन तं काढाचं कसं ते सांगा म्हनते."

मी म्हणालो, "त्याले सांगा, निंगते."

"निंगते काय?"

"निंगन."

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा आठवडा काळीत रोज खाजवाखाजवी केली. ट्रॅक्टर तापायचा, मी तापायचो, कुंदा थंड. उपाय मला माहीत होता. काउंटरवर मी तो इतरांना सांगतो. मोठा ट्रॅक्टर, पलटी नांगर, आणि धुऱ्यावर न थांबता दोन्ही वावरांतून सरळ आडवा. वळण चरापाशी घ्यायचं आणि दादाच्या पलीकडच्या पांदणीवर, म्हणजे गाडीरस्त्यावर घ्यायचं. मधे कुठंच नाही. कारण कुंदा मुख्य राहत होता तो धुऱ्याच्या दोन्ही अंगांच्या पट्टीत, जिथं वळणापायी नांगर कधी पोचतच नव्हता. पण त्यासाठी दादाला म्हणावं लागणार होतं, आणि तेवढंच मला करायचं नव्हतं.

मग एक दिवस दादाने त्याच्या काळीला मोठा ट्रॅक्टर लावला. पन्नासचा असेल. केळापूरकडचा ड्रायव्हर, डोक्याला दुपट्टा, कानात मोबाइलचं गाणं. मी माझ्या वावरात होतो, अर्थात योगायोगाने. तो पांदणीकडून आला, ढेकळं उलटी पाडत, धुऱ्यापाशी थांबला. कानातलं काढलं आणि दादाला विचारलं.

"भाऊ, वळू का सरळ जाऊ?"

दादा धुऱ्याजवळ आला. माझ्याकडे पाहू लागला. मी ट्रॅक्टरकडे पाहू लागलो. इंजिन धडधडत होतं, डिझेल जळत होतं, दादाच्या खर्चाने. त्या विचाराने मी चप्पल काढून तिच्यातली माती सावकाश झटकली.

शेवटी दादा ड्रायव्हरला म्हणाला, "त्याले इचार."

ड्रायव्हरने माझ्याकडे मान केली. मी ड्रायव्हरला म्हणालो, "त्यायले इचार, सरळ गेला तं धुरा मोडन. मंग तो कुठी होता हे कोन सांगन?"

"त्याले सांग," दादा म्हणाला, "माह्या ध्यानात हाये."

"त्यायले सांग, तेच तं भेव हाये."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. नाल्याकडे कुठंतरी पारवा घुमत होता. ड्रायव्हर म्हणाला, "तुमी दोघं सख्खे भाऊ हा ना? मी मधात कायले? मले आनखी एक वावर हाये. बोलाचं असन तं बोला, नाई तं मी वळतो."

दादा एक पाऊल पुढे आला. धुऱ्यावर पाय ठेवला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"म्हन मंग."

"काय म्हनू?"

"काय म्हनाचं ते तुले मालूम हाये. कृषी केंद्रात बसतं ना?"

त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. ‘दादा, माझ्यातही नांगर.’ एवढंच. मी ते म्हणू शकलो असतो. बाकीचं सगळं म्हणायला मी तयार होतो. माती, कुंदा, पिवळी पराटी, सगळं. मी घसा साफ केला आणि ड्रायव्हरकडे वळून म्हणालो, "वळू नोको."

दादा हसला. चांगलं हसणं नव्हतं ते. "हे मागनं झालं काय?"

"ते मागनं नाई. त्याले सांगून राह्यलो."

"अबे, तू मेला तरी मागनार नाई."

"तूच म्हनला होता, आधी मर."

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. त्याला वळू नको हे शब्द पुरेसे होते.

पण ट्रॅक्टर धुऱ्यावर चढण्याआधी दादा ओरडला, "थांब," आणि धुऱ्याच्या वरच्या टोकाला जाऊन उभा राहिला, जिथं बरड संपते आणि काळी सुरू होते. पाय रोवून. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, "धुरा इथून निंगते. मी खुटी आहो. तू खाली जाऊन उभा राह्य." खुंटी ठोकू, मी म्हणालो. "तू ठोकलेली मी मानत नाई, मी ठोकलेली तू मानत नाई." हे खरं होतं. मी खाली नाल्यापाशी गेलो, पळसाजवळ, आणि धुऱ्याच्या दुसऱ्या टोकावर उभा राहिलो. पळसाची सावली माझ्यापासून दोन हातांवर पडली होती. दोन हात सरकलो असतो तर दोन हात जमीन गेली असती.

ट्रॅक्टर आमच्या मधून इकडून तिकडे जाऊ लागला. धुरा मोडला, कुंदा मुळ्यांसकट उलटा पडला, पांढऱ्या मुळ्या उन्हात चमकू लागल्या. आणि आम्ही दोघं आपापलं टोक धरून उभे. वैशाखाचं आमचं ऊन तुम्हाला माहीत असेल. कावळासुद्धा बोलायचा बंद होतो. मला तहान लागली. शिदोरीजवळ पाणी होतं, पण शिदोरी वीस पावलांवर. मी वर पाहिलं. दादा डोक्यावर दुपट्टा ओढून उभा. तोही पाण्याला जात नव्हता. मी गेलो तर तो सरकणार, तो गेला तर मी सरकणार, हे दोघांनाही स्वतःवरून माहीत होतं.

उन्हं जरा कलली तशी वहिनी कळशी घेऊन आली. वरच्या टोकाला पोचली, आम्हा दोघांकडे पाहिलं. तिचा आवाज खालपर्यंत आला.

"दगडावानी काय उभे हा? दगडाले तहान नाई लागत."

"पानी दे," दादा म्हणाला.

तो प्यायला. बराच वेळ प्यायला. मग तिने कळशी कमरेवर घेतली आणि मोडलेल्या ढेकळांतून खाली माझ्याकडे निघाली. धुऱ्यावरची शेवटची फेरी संपवून ट्रॅक्टर थांबला होता, ड्रायव्हरही पाणी मिळेल म्हणून वाट पाहत होता. ती मधे आली तसा वरून दादा ओरडला.

"वाकडी काहून जाऊन राह्यली? सरळ चाल. धुऱ्यावरून चाल."

"धुरा कुठी हाये?" ती न थांबता म्हणाली.

मी प्यायलो. पाणी कोमट होतं आणि त्याला कळशीचा वास होता. दिवस मावळायला लागला तेव्हा ट्रॅक्टर गेला, आणि आम्ही आपापली टोकं न सोडता मधली ओळ शोधू लागलो. दोरी शोरूमला राहिली होती. नांगरलेल्या काळीत सरळ म्हणावी अशी एकच खूण होती, वहिनीच्या पावलांची. त्यावर माती ओढून धुरा घातला. दादाने वरून, मी खालून. मधे पोचलो तेव्हा अंधार पडत होता आणि दोघांचीही कंबर गेली होती.

दादाचं म्हणणं, ती खाली येता येता त्याच्या अंगाला सरकली, आणि त्याची हातभर काळी माझ्याकडे आली. माझं म्हणणं, ती वरूनच माझ्या अंगाने निघाली. हे तो मला भिंतीपलीकडून ऐकवतो, वेळी अवेळी, जेवतानासुद्धा, आणि मीही भिंतीवरूनच उत्तर देतो. बायकांना आता मधे पडावं लागत नाही. त्या दोघी ओट्यावर बसून कुंद्याच्या वाळलेल्या मुळ्या चुलीत घालतात आणि म्हणतात, यापेक्षा निरोपच बरे होते.